चाकांवरचं घर

वकीलसाहेब, कागद सगळे या पिशवीत आहेत. पण आधी सांगतो, मग दाखवतो. उलट केलं तर तुम्ही मला वेडा ठरवाल आणि बाहेर बसलेल्या पुढच्या माणसाला हाक माराल. दिवा लावायचा असेल तर लावा. या दिवसांत चार वाजताच अंधारून येतं.

मी नेथन प्रूइट. बेलफर्डच्या जमीन कचेरीत मी नऊ वर्षं कारकून होतो. काम सोपं. माणूस माळावर मोकळी सरकारी जमीन धरतो, घर बांधतो, पाच वर्षं तिथे राहतो आणि मग दोन साक्षीदार घेऊन कचेरीत येतो. आम्ही तिघांना वेगवेगळं बसवून छापील प्रश्न विचारतो. घर आहे का? केवढं? दार, खिडकी? घरात कोण राहतं? उत्तरं जुळली की कागद वॉशिंग्टनला जातात आणि दोन-चार वर्षांनी तिथून मालकीचा सहीशिक्क्याचा पट्टा येतो.

या प्रश्नांना लोक कशी उत्तरं देत हे तुम्हाला सांगायला नको. वयाची अट एकवीसची, म्हणून सतरा वर्षांचं पोरगं एकवीस आकडा लिहिलेली चिठ्ठी बुटात घालून यायचं आणि ‘मी एकविसाच्या वर उभा आहे’ अशी शपथ घ्यायचं. आम्ही मान डोलवायचो. सगळा प्रांतच तसा चालला होता, त्यात मी एकटा कुठे सोवळा राहणार!

पण या सगळ्यांत एक बाई सरळ होती. मिस केझाया बील. एकटी बाई, ओहायोकडून आलेली. तिने गावापासून बारा मैलांवर ओढ्याच्या काठी जमीन धरली होती आणि दगडांचा चौथरा रचून त्यावर फळ्यांचं घर बांधलं होतं. बारा फूट बाय चौदा फूट, कचेरी मागायची तेवढंच. पूर्वेला दार, दक्षिणेला खिडकी.

अठराशे एकाहत्तरच्या जानेवारीत मी कागद पोचवायला त्या बाजूला गेलो असताना माझा घोडा बर्फात लंगडायला लागला. मिस बीलच्या धुराड्यातून धूर निघत होता म्हणून दार वाजवलं. दोन तास बसलो मी तिच्याकडे. तिचा घसा धरला होता. गळ्याला लाल फ्लॅनेलची पट्टी गुंडाळलेली, त्याला टर्पेंटाइनचा वास. भिंतीवर दोन खिळ्यांना पत्र्याचे दोन कप. एक तिचा आणि दुसरा येईल त्याचा. भाजलेल्या गव्हाची कॉफी होती, कडू जहर, पण गरम होती. मी दोन कप प्यालो.

निघताना ती म्हणाली, “नोव्हेंबरपासून या दारात आलेले तुम्ही पहिले. कुणी विचारलंच, तर सांगाल ना, मी इथे आहे म्हणून?”

“सांगेन की,” मी म्हणालो. “त्यात काय!”

त्याच वर्षी नोव्हेंबरात तिची सुनावणी निघाली. तिची पाच वर्षं भरत आली होती आणि एझ्रा ट्रस्क नावाच्या माणसाने अर्ज ठोकला, की ही बाई गेला सबंध हिवाळा जमीन सोडून गेली होती. सहा महिने घर सोडलं की जमीन मोकळी होते, हे तुम्हाला माहीतच आहे. ट्रस्क हा आमच्या मोठ्या साहेबांच्या बायकोचा भाऊ. त्याने साक्षीला तिचेच दोन शेजारी आणले. एक ओटिस मॅरो, दुसरा लिंडक्विस्ट नावाचा स्वीडिश माणूस. दोघांना जमिनीच्या हद्दी वाढवून हव्या होत्या.

मॅरो म्हणाला, “दार बंद होतं. धुराड्यातून धूर नव्हता. खिडकीत कुणी दिसलं नाही.”

लिंडक्विस्ट तेच म्हणाला, शब्दाला शब्द. पढवून आणलेला होता. मी तेही लिहून घेतलं.

मिस बील शांत होती. तिने माझ्याकडे बोट केलं. “या कारकुनांना विचारा. जानेवारीत हे माझ्याकडे कॉफी प्यायले. यांचा घोडा लंगडत होता.”

साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “काय प्रूइट? तुला काही सांगायचंय?”

वकीलसाहेब, शेगडीतली लाकडं तडकत होती. मी टाकाच्या निबाकडे बघत होतो. त्याला एक केस चिकटला होता. तो मी काढला आणि म्हणालो, “मला आठवत नाही, साहेब.”

नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तोही गप्प बसला असता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. ते खरं असेलही. पण तिथे दुसरा कुणी नव्हता, मीच होतो.

तिने वाद घातला नाही. शाल सारखी केली आणि माझ्या मेजाजवळून जाताना हळूच म्हणाली, “दोन कप प्यायलात हो तुम्ही.”

ट्रस्कला जमीन मिळाली, पण त्याला नांगर धरायची हौस नव्हती. त्याने वेगळंच डोकं चालवलं. ते घर चौथऱ्यावरून उचललं, खाली चार चाकं ठोकली आणि चार बैल जोडून भाड्याने फिरवायला सुरुवात केली. ज्याला घर बांधायचा कंटाळा, त्याच्या जमिनीवर ट्रस्क घर नेऊन उभं करायचा. तो माणूस आत एक जेवण शिजवायचा, म्हणजे ‘मी या घरात शिजवून खाल्लं’ ही शपथ खोटी ठरायची नाही. दोन साक्षीदार बाहेरून घर बघायचे. चौथ्या दिवशी घर पुढच्या माळावर. सगळ्यांना माहीत, सगळे हसायचे.

मिस बील मार्चमध्ये गोठलेली सापडली. बर्फ वितळल्यावर. ती गावाकडे किंवा गाडीरस्त्याकडे गेली नव्हती. घर उचलून नेल्यावर जो रिकामा चौथरा राहिला होता, त्याच्या दगडांवर ती बसलेली होती. पूर्वी खिडकी जिथे होती त्या जागी, दक्षिणेकडे तोंड करून.

त्यानंतरची गोष्ट माझ्या कचेरीतल्या कागदांतली आहे. एप्रिलमध्ये ट्रस्कचं घर वापरणारा पहिला माणूस साक्षीदार घेऊन आला. घरात कोण राहतं? तो म्हणाला, मी एकटा. पहिला साक्षीदार म्हणाला, तो आणि एक बाई. दुसरा साक्षीदार म्हणाला, तो आणि ती खिडकीतली बाई, गळ्याला लाल पट्टीवाली. साहेब हसले. “एकटा म्हणे! लग्नाशिवाय ठेवलीय, म्हणून लाजतोय. पुढे चल, प्रूइट.”

मेमध्ये दुसरा दावेदार. वेगळा माणूस, वेगळे साक्षीदार, वीस मैल पलीकडची जमीन. मी एकटा राहतो. साक्षीदार म्हणाले, आणि ती बाई. जूनमध्ये तिसरा. ऑगस्टमध्ये चौथा. मी तारीखवार उतरवून काढलं. अडीच वर्षांत अकरा दावे आणि बावीस साक्षीदार. बावीसच्या बावीस जणांना बाई दिसली होती आणि अकरा दावेदारांपैकी एकालाही ती कोण हे माहीत नव्हतं.

मी ट्रस्कला गाठलं. “घराबरोबर बाईपण देतोस काय रे भाड्याने?”

“बाई?” तो खो खो हसला. “अरे, बाई असती तर दुप्पट भाडं नसतं घेतलं?” मग हसू आटलं. बैलांच्या गळ्याखाली हात घालत म्हणाला, “हे बघ प्रूइट… आत मला कधी काही दिसलं नाही. पण घर रिकामं ओढताना बैल तेवढे दमत नाहीत, जेवढे हल्ली दमतात. चौघांना वजन कळतं. मी काही विचारत नाही, तूही विचारू नकोस.”

चौऱ्याहत्तर साली टोळधाड आली, हिरवं पान म्हणून राहिलं नाही. ट्रस्क प्रांत सोडून निघाला. जाताना मला म्हणाला, “ओढ्याकाठची जमीन मी सोडतोय. घेतोस? घर असंच देतो, वर काही नको.”

मला त्या जमिनीची आस होती, वकीलसाहेब. विहीर खणलेली होती, माती काळी होती आणि पस्तिशी उलटली तरी माझं म्हणून काही नव्हतं. कचेरीतल्या माणसाला जमीन धरता येत नाही, म्हणून मी नोकरी सोडली. जिच्यासाठी ती साक्ष गिळली, तीच नोकरी. आपण घर जुन्या चौथऱ्यावर नेऊन बसवलं म्हणजे झालंगेलं विसरलं जाईल, असाही एक विचार मनात होता. चाकं काढली आणि घर दगडांवर उतरवलं. पाचर मारावी लागली नाही. दार पूर्वेला, खिडकी दक्षिणेला, जागच्या जागी बसलं.

माझा दावा साधा होता. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहायचं, जमिनीचे रोख पैसे भरायचे आणि दोन साक्षीदार आणायचे. जवळचे शेजारी कोण, तर मॅरो आणि लिंडक्विस्ट. एका दुपारी दोघांना घर बघायला बोलावलं. लख्ख ऊन होतं. मी शेगडी पेटवून कॉफी ठेवली होती.

लिंडक्विस्ट अंगणातच थांबला, मान खाली घालून. मॅरो उंबऱ्यापर्यंत आला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून खिडकीकडे. त्याने हळूच टोपी काढली.

“नमस्कार, बाई,” तो म्हणाला.

मी वळून बघितलं. खिडकी, बाक, बाकावर ऊन. दुसरं काही नव्हतं. फक्त टर्पेंटाइनचा वास आला आणि गेला.

“ये की आत,” मी म्हणालो. “कॉफी तयार आहे.”

“नको.” त्याने टोपी छातीशी धरली. “त्या… त्या काय म्हणताहेत ते ऐक आधी.”

“कुणीही काही म्हणत नाहीये, ओटिस.”

मॅरोने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण बहिऱ्या माणसाकडे बघतो. मग तो आणि लिंडक्विस्ट निघून गेले. कॉफी मी एकट्याने प्यालो. भांडी विसळताना लक्षात आलं, दुसरा कपही खिळ्यावरून खाली होता आणि तळाशी ओला होता.

सुनावणीला तेच साहेब, मेजावर नवा कारकून. मॅरोने सांगितलं, घरात प्रूइट आणि एक बाई. लिंडक्विस्टनेही तेच सांगितलं. साहेबांनी मला आत बोलावलं. “आता तूसुद्धा? कोण आहे रे ही बाई?”

त्या वेळी सांगता आलं असतं. साहेब, ती मिस बील आहे, ती त्या घरात राहत होती, मी तिच्याकडे कॉफी प्यालो, त्या दिवशी मी खोटं बोललो. एवढी तीन-चार वाक्यं. जमीन गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता. मी नव्या कारकुनाच्या टाकाकडे बघितलं.

“कुणी नाही, साहेब,” मी म्हणालो. “मी एकटाच राहतो.”

त्यांनी डोळा मिचकावला, पैसे घेतले आणि पावती फाडून दिली. बाहेर मॅरो वाट बघत उभा होता. तो रागावला नव्हता, रडवेला झाला होता.

“तेवढं बोलला असतास ना प्रूइट, तर आपण तिघंही सुटलो असतो,” तो म्हणाला. “आता आमचं आम्हाला बघावं लागेल.”

एकूण सहा वर्षं मी त्या घरात राहिलो. मला कधी काही दिसलं नाही, हे शपथेवर सांगतो. पावलं नाहीत, आवाज नाही, रात्री छान झोप लागायची. एवढंच, की सकाळी उठल्यावर खिळ्यावरचा दुसरा कप हाताला कोमट लागायचा. रोज. माणसाला कशाचीही सवय होते.

लोकांचं मात्र बदलत गेलं. आधी येणारे-जाणारे म्हणायचे, “नमस्कार प्रूइट, नमस्कार बाई.” मग नुसतं, “नमस्कार बाई.” फेरीवाला दारात आला की सुया, दोरे, फ्लॅनेल काढून दाखवायचा. मी तंबाखू मागितली तर म्हणायचा, “अरे, तुम्ही इकडे कुठे?” मी हसण्यावारी नेत होतो.

मग या ऑक्टोबरात वॉशिंग्टनहून पट्टा आला. हा बघा. जमिनीचं वर्णन बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर. नाव वाचा.

केझाया बील.

चुकून जुनी फाइल गेली असेल म्हणून मी कचेरीत गेलो. तिथे आता सगळे नवे लोक आहेत. त्यांनी फाइल काढून दिली. जुनी नव्हती. याच वर्षीच्या जून महिन्याची साक्ष. दावेदार हजर, दोन साक्षीदार हजर. त्यातली प्रश्नोत्तरं मी उतरवून आणली आहेत.

घर कधी बांधलं? सहासष्ट साली. तेव्हापासून राहता का? हो. मधे कधी घर सोडलं होतं का? नाही, घर जिथे जिथे गेलं तिथे तिथे मी होते. घरात आणखी कोण राहतं?

कुणी नाही. मी एकटीच राहते.

आणि वकीलसाहेब, ते अक्षर माझं आहे. ती ‘के’ची वळणदार शेपटी, ओळ संपताना टाक दाबायची सवय. नोकरी सोडून मला सहा वर्षं झाली आहेत आणि जूनमध्ये मी बेलफर्डला पाऊल टाकलेलं नाही. त्या कागदावर एके ठिकाणी शाईचा बारीक फराटा आहे. निबाला केस चिकटला की उठतो तसा.

साक्षीदार मॅरो आणि लिंडक्विस्ट. मी तडक मॅरोकडे गेलो. तो कुंपण ठोकत होता. मोकळा, हसतमुख, दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा.

“दिली ना साक्ष,” तो म्हणाला. “सरळ बाई आहे बिचारी. तिचं तिला मिळालं.”

“ओटिस, सहा वर्षं मी राहतोय त्या घरात!”

त्याने हातोडी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. खोटं बोलणारा मॅरो मला चांगला ठाऊक आहे. “तू? तू गावात राहतोस ना, कचेरीच्या मागे? काय झालं प्रूइट, बरं नाहीये का?”

“माझ्याकडे बघ आणि सांग. मी तुला त्या घरात कधीच दिसलो नाही?”

तो खरंच आठवत उभा राहिला. मग म्हणाला, “मी तिथून जातो तेव्हा कधी दार बंद असतं, कधी उघडं असतं. पण तू खिडकीत कधी दिसला नाहीस, बाबा.”

लिंडक्विस्टनेही तेच सांगितलं. मी अकरा शेजाऱ्यांकडे गेलो. सगळे प्रेमाने बोलतात, आत बसवतात, तब्येत विचारतात. घराचं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. खिडकीत कुणी माणूस दिसला नाही. कुणी पढवलेलं नाही, आणि तरी शब्दाला शब्द.

म्हणून मी तुमच्याकडे आलो. पावती माझ्याजवळ आहे, पण तुम्ही म्हणाल, साक्षीदार आणा. जमीन गेली तरी चालेल मला. ती तिचीच होती, आज मी ते लिहूनच देतो. तिच्या घरी कॉफी प्यायलो, दोन कप, तेही लिहा. पण मीही तिथे राहिलो, सहा वर्षं, एवढं सांगणारी दोन माणसं मला कुठून मिळतील? दोनच. तिलाही दोनच हवी होती, हे मला कळतंय. मला भीती वाटते, वकीलसाहेब. भुताची नाही. मी नव्हतोच, असं मला स्वतःलाच वाटायला लागेल, याची.

काल सकाळी इकडे यायला निघालो. शेगडीतले निखारे पाणी ओतून विझवले, राख बाहेर टाकली, दाराला बाहेरून कुलूप घातलं. ही किल्ली. गाडीरस्त्यावर टपालगाडी थांबली. हाकणारा नवा होता, या वाटेवर त्याची पहिलीच खेप. त्याने मला हात देऊन वर घेतलं आणि माझ्यामागे घराकडे बघून टोपी उचलली. मी मागे पाहिलं. धुराड्यातून सरळ, पांढरा धूर वर जात होता.

त्याने लगाम सैल सोडले आणि मला हसत विचारलं, “पाहुणे, अशा थंडीत बाईंनी कॉफी पाजली वाटतं?”